इंदूरचा रविवारचा पैशाचा वर्ग : पूर्ण बॅच केली, सविस्तर लिहितेय

लोकमान्य नगरजवळ एका जुन्या बंगल्याच्या खालच्या हॉलमधे दर रविवारी सकाळी एक वर्ग चालतो. बँकेतून रिटायर झालेले एक सर घेतात, विषय म्हणजे पैसा, गुंतवणूक आणि अर्थव्यवस्था यातले रोज कानावर पडणारे शब्द, ते नेमके कशाला म्हणतात आणि आपल्या कागदावर कुठे सापडतात. शिकवायची भाषा आपली मराठी, मधेमधे हिंदी. आठ रविवारची बॅच, फी ६०० रुपये, झेरॉक्स नोट्स त्यातच आल्या. नाव आणि नंबर कुठे टाकू नका असं सरांनी सांगितलंय कारण हॉलमधे जेमतेम तीस माणसं बसतात, म्हणून ते देत नाही, पण रामबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगरकडच्या मराठी घरांमधे विचाराल तर कोणीतरी सांगेलच.

मी आईला घेऊन पूर्ण बॅच केली. मत आधीच सांगून टाकते: कर्ज, विमा आणि एफडी हे तीन विषय इतक्या नीट मला आजवर कोणी समजावून दिलेले नाहीत, म्युच्युअल फंड छान, शेअर बाजार ठीकठाक, आणि जीडीपी-बजेटचा भाग मात्र अगदी घाईत उरकला.

पद्धत अशी की सर व्याख्या लिहून देतच नाहीत. प्रत्येकाने घरून आपला एक कागद आणायचा, पासबुक, एफडीची पावती, कर्जाचं पत्र, पॉलिसी, काहीही, खाते नंबर आणि नाव चिठ्ठी चिकटवून झाकायचं, आणि मग त्या कागदावरचा एकेक शब्द घेऊन तिथे किती पैसे इकडचे तिकडे होतात ते फळ्यावर काढायचं. यूट्यूबवर असले व्हिडिओ ढिगाने आहेत हे मान्य, पण तिथे उदाहरण दुसऱ्याचं असतं, इथे आपल्याच हप्त्याचं असतं, आणि स्वतःच्या पैशाचा आकडा फळ्यावर आला की माणूस कसा सरसावून बसतो हे मी आईकडे बघून सांगतेय. बारा वर्षं जी एफडी करतेय तिच्या पावतीवरचा क्युम्युलेटिव्ह (व्याज मधे हातात न देता मुद्दलातच मिळवत जाणारी) हा शब्द तिने पहिल्यांदा वाचला.

कर्जाचा रविवार सगळ्यात भारी झाला. छप्पन दुकानकडे मोबाईलच्या दुकानात काम करणारा एक मुलगा त्याच्या कर्जाचं पत्र घेऊन आला होता, १ लाख रुपये, ३ वर्षं, व्याज १० टक्के, आणि पुढे बारीक अक्षरात फ्लॅट. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे फ्लॅट, म्हणजे पूर्ण १ लाखावर तीनही वर्षं व्याज, ३०,००० रुपये, एकूण १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. दुसरीकडे तेच १० टक्के पण रिड्यूसिंग बॅलन्सवर, म्हणजे जेवढं मुद्दल अजून फेडायचं राहिलंय तेवढ्यावरच व्याज, हप्ता ३,२२७ आणि एकूण व्याज १६,१६० च्या आसपास. कर्ज तेवढंच, वर्षं तेवढीच, टक्के पण तेवढेच आणि व्याज जवळपास दुप्पट. सर म्हणाले, तुझं फ्लॅट १० म्हणजे रिड्यूसिंगच्या हिशोबाने जवळजवळ १८ टक्के पडतंय रे बाळा. तो मुलगा बराच वेळ फळ्याचा फोटोच काढत होता, आधी दोन रकान्यांचा, मग फक्त १८ चा.

त्याच दिवशी कळलेली आणि मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे केएफएस, की फॅक्ट स्टेटमेंट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून घर, गाडी, पर्सनल अशा कर्जांना आणि छोट्या धंद्यांच्या कर्जांना हा कागद द्यावाच लागतो, त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, म्हणजे व्याज अधिक प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतं तो. आणि हा कागद कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत असायला हवा असं नियमातच आहे. म्हणजे दोन ठिकाणचं कर्ज तोलायचं असेल तर व्याजदर तोलू नका, हप्ता तर बिल्कुल तोलू नका, एपीआर शेजारी शेजारी ठेवा. आईने हे वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात.

होम लोनवाल्यांसाठी रेपो रेटचा भाग होता. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, इतकं सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण आपल्या हप्त्याशी त्याची गाठ कुठे बसते ते सरांनी दाखवलं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेकदा रेपोलाच, आणि त्यावर बँक आपला स्प्रेड, म्हणजे वरचे काही टक्के, लावते. मे २०२२ मधे रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला, आणि त्या काळात कितीतरी लोकांचा हप्ता तेवढाच राहिला, वाढली ती मुदत. लोक म्हणतात आमचं काही वाढलं नाही आणि इकडे कर्ज रिटायरमेंटच्याही पलीकडे गेलेलं असतं. वर्गातल्या दोन जणांनी तिथेच मोबाईलवर स्टेटमेंट उघडून बघितलं तर एकाचे ५ वर्षांहून जास्त हप्ते वाढलेले निघाले. ऑगस्ट २०२३ मधे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की दर बदलला की ग्राहकाला कळवा आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं हे त्यालाच ठरवू द्या. घरासाठीच्या फ्लोटिंग कर्जात आधी पैसे भरले तर दंड लागत नाही, हेही निम्म्या वर्गाला नवीन होतं. २०२५ मधे रेपो परत खाली आला, साडेसहावरून डिसेंबरपर्यंत ५.२५, तर तुमचा रीसेट, म्हणजे कर्जाचा दर नव्याने ठरणं, कधी होतो ती तारीख पत्रात शोधा, असा त्या दिवशीचा गृहपाठ होता.

विम्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण या विषयात मला मनापासून चीड आहे. आमच्या शेजारच्या काकू एफडी मोडून नवीन करायला बँकेत गेल्या, कुठली बँक ते सोडा, तिथे त्यांना सांगितलं गेलं की एफडीपेक्षा चांगलं एक आहे, वर्षाला १ लाख भरा, १२ टक्के पडतात, वर विमा फुकट. काकूंनी सही केली. घरी जाडजूड पॉलिसी आली आणि ती तशीच पिशवीत घालून त्या वर्गाला आल्या. सरांनी त्यांना काहीच समजावलं नाही, फक्त चार शब्द शोधायला सांगितले: प्रीमियम भरायची मुदत, पॉलिसीची मुदत, सम अश्युअर्ड आणि सरेंडर व्हॅल्यू. काकूंनी चष्मा लावून स्वतः बोट फिरवत शोधले. भरायचे ८ वर्षं, पैसे परत १६ व्या वर्षी, विम्याची रक्कम १० लाख, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत बंद केली तर हातात येणारी रक्कम वाचून त्या गप्पच झाल्या. १२ टक्के तर पूर्ण कागदात कुठेच नव्हते. बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पुढे किती मिळू शकेल त्याच्या नमुना हिशोबाच्या पानावर ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने होते, ते सुद्धा नियमाप्रमाणे सगळ्या कंपन्या समजा म्हणून धरतात, त्यातल्या कुठल्याच आकड्याची काही गॅरंटी नसते.

मग पाचवा शब्द, फ्री लुक. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत, पटलं नाही तर परत करता येते, स्टँप ड्यूटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत मिळतात. काकूंचा २२ वा दिवस होता. सोमवारी सकाळी त्यांचा मुलगा अर्ज देऊन पोच घेऊन आला आणि पैसे खात्यात आले. ज्या बाईला आयुष्यभर बँकेतला माणूस सांगेल तिथे सही करायची सवय, तिने स्वतः वाचून पॉलिसी परत पाठवली, याचा मला एवढा आनंद झालाय की नुसत्या या एका रविवारसाठी मी हा वर्ग कोणालाही सांगेन. विमा वाईट असतो असं सर म्हणत नाहीत हेही लिहायला हवं. कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स पाहिजेच, तो कमी प्रीमियममधे मोठी रक्कम देतो आणि काही झालं नाही तर पैसे परत येत नाहीत, तसाच तो घ्यायचा, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. गुंतवणूक वेगळी, विमा वेगळा.

एफडीच्या दिवशी गर्दी जास्त होती, आपल्या लोकांचा जीव एफडीतच. बँक बुडाली तर मिळणाऱ्या पाच लाखांच्या ठेव विम्याबद्दल पुष्कळ गैरसमज निघाले. हा विमा देणारी डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेचीच संस्था, ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली, आणि ती एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख अशी आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच पाच लाख ठेवले की पंधरा लाख सुरक्षित झाले असं आमच्या वर्गातल्या निदान सहा जणांना वाटत होतं. सहकारी बँकेत पैसे असणाऱ्यांनी तर हे जरूर समजून घ्या, आणि सहकारी पतसंस्थांना हा विमा लागूच नाही हेही.

यील्ड, म्हणजे गुंतवणुकीवर खरोखर किती टक्के पडतात ते, शिकवायला सरांनी जे उदाहरण घेतलं ते आपल्या गावचं. आपल्या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मधे २४४ कोटींचा ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्ज घ्यायचा कागद, आणला होता, सामान्य लोकांनाही घेता येईल असा, एनएसई या शेअर बाजारात लिस्ट झालेला. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला पंपांना प्रचंड वीज लागते, त्या बिलाचा भार कमी व्हावा म्हणून खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॉटचा सोलर प्रकल्प करायचा, त्यासाठी हे पैसे. आता यात शब्द बघा किती. १००० रुपये ही फेस व्हॅल्यू, म्हणजे एका बाँडची छापील किंमत. ८.२५ टक्के हा कूपन, म्हणजे ठरलेलं वर्षाचं व्याज, तो दर सहा महिन्यांनी मिळणार, म्हणजे पहिल्या सहामाहीचं व्याज परत गुंतवलं असं धरलं तर वर्षाचे ८.४२ टक्के पडतात, हा झाला इफेक्टिव्ह यील्ड. जाहिरातीत कोणता आकडा मोठा छापलाय ते आता मी लगेच बघते. मग मॅच्युरिटी, हजाराचे २५०-२५० चे चार तुकडे, ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत. रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं, नव्हतं, त्याच्या खालचं होतं, म्हणून तर सरकारी बाँडपेक्षा व्याज जास्त. जोखीम आणि व्याज हातात हात घालून चालतात हे वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं पण नळाला येणाऱ्या पाण्याच्या बाँडवर ते दिसलं तेव्हा डोक्यात बसलं.

आणि बाँडचा भाव व्याजदराच्या उलट का जातो, हे मला कॉलेजमधेही कळलं नव्हतं ते इथे पाच मिनिटांत कळलं. समजा बाँड संपायला एक वर्ष उरलंय, तो वर्षअखेर १०८२.५० रुपये देणार हे ठरलेलं. बाजारात नवीन बाँड ९ टक्के द्यायला लागले तर तुमचा जुना कोण हजाराला घेईल? त्यालाही ९ टक्केच पडायला हवेत, म्हणजे तो ९९३ रुपयेच देणार. बस एवढंच. बाँडमधे पैसे लावणाऱ्या डेट फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, कधी कधी खाली का येते त्याचं उत्तरही यातच आहे.

यानंतर होळकरांची गोष्ट आली. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. ही गोष्ट इंदूरमधे सगळे अभिमानाने सांगतात आणि सांगावीच, रेल्वे आली म्हणून तर गावचा व्यापार वाढला. सरांनी त्यातून महागाईचा धडा काढला. वर्षाला साडेचार लाख व्याज, आकडा १०१ वर्षं तोच राहणार, पण पहिल्या वर्षीच्या साडेचार लाखांत जे येत होतं ते शेवटच्या वर्षीच्या साडेचार लाखांत येईल का? लांब मुदतीचं ठरलेलं व्याज घेताना हा प्रश्न आपल्यालाही विचारायचा. एफडी ७ टक्के, त्यावर २० टक्क्याच्या स्लॅबमधे टॅक्स गेला की ५.६ उरले, महागाई ५ टक्के असेल तर खरी वाढ जेमतेम अर्धा-पाऊण टक्का, याला रियल रिटर्न म्हणायचं. एफडी करू नका असं सर म्हणाले नाहीत, पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथेच बरा, पण पोरीच्या लग्नाचा वीस वर्षांनंतरचा पैसा तिथे ठेवून निवांत बसू नका एवढंच.

महागाई दरावर तर वर्गात चक्क वाद झाला. ऑक्टोबर २०२५ मधे किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के निघाला होता, आणि एक मावशी भडकल्या, म्हणाल्या राजकुमार मंडीत येऊन बघा म्हणावं कुठे स्वस्त झालंय. सरांनी शांतपणे तीन आकडे लिहिले. ऑक्टोबर २०२३ ला १०० रुपयांना असलेली टोपली, ऑक्टोबर २०२४ चा दर ६.२१ टक्के होता म्हणून १०६.२१ ची झाली, आणि ऑक्टोबर २०२५ ला १०६.४८ च्या जवळपास. दर खाली आला म्हणजे वाढायचा वेग खाली आला, आधी वाढलेले सहा रुपये कुठे गेले नाहीत, ते तुम्ही देताय. आणि आदल्या वर्षी भाजी फार महाग होती म्हणून त्या वर्षीचा दर आणखीनच छोटा दिसतो, याला बेस इफेक्ट म्हणतात. मावशींचं म्हणणं पण बरोबर आणि सरकारचा आकडा पण बरोबर. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के इकडे तिकडे चालतात, हेही तेव्हाच आलं.

म्युच्युअल फंडाच्या दिवशी एसआयपी हा काही प्रॉडक्ट नव्हे, दर महिन्याला ठरलेले पैसे भरायची रीत आहे, इथून सुरुवात. मग एनएव्ही. १० रुपये एनएव्हीचा फंड स्वस्त आणि ५०० चा महाग असं एजंट लोक नवीन फंड खपवताना अजूनही सांगतात. १०,००० टाकले तर इथे १००० युनिट, तिथे २०, दोन्ही फंड १० टक्के वाढले की दोन्हीकडे ११,००० च. एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायला दरवर्षी कापला जाणारा टक्का, मात्र नीट बघायचा. डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅन, २०१३ पासून दोन्ही मिळतात, फंड तोच, रेग्युलरमधे एजंटचं कमिशन आत बसलेलं. महिना १०,००० वीस वर्षं, समजा १२ टक्क्यांनी वाढले तर एक कोटीला टेकतात, ११ टक्क्यांनी वाढले तर ८७ लाखांच्या आसपास. एका टक्क्याचे १२ लाखांच्या वर. इथे माझं सरांशी थोडं जमलं नाही, त्यांनी सगळ्यांनाच डायरेक्ट घ्या म्हटलं, पण माझ्या आईसारख्या माणसाला बाजार पडला की फोन करून धीर देणारा प्रामाणिक एजंट मिळत असेल तर त्याचं कमिशन वसूल होतं असं मला वाटतं, घाबरून तळाला विकलं तर एक टक्क्याहून पुष्कळ जास्त जातं.

शेअर बाजारात अंक आणि टक्के यातला फरक चांगला सांगितला. २८ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ५७० अंक पडला होता, ते तेव्हा १२.७७ टक्के होते. आज ८० हजारांवरून ५७० अंक पडले तर पाऊण टक्कासुद्धा होत नाही, तरी टीव्हीवाले तसंच ओरडतात. बाकी पीई, मार्केट कॅप, डिव्हिडंड, बोनस हे सगळं भराभर झालं.

पण टिप्सबद्दल सर जे बोलले ते इंदूरच्या प्रत्येक घरात पोचलं पाहिजे. आपल्या गावाचं नाव सराफ्यासाठी आणि स्वच्छतेसाठी घेतलं जातं तसंच देशभर ते शेअरच्या टिप्स विकणाऱ्या कॉल सेंटरसाठीही घेतलं गेलं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने इथल्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर कारवाई केलीय, आणि तिथे फोन करणारी पोरंही आपलीच, बारावी-बीकॉम होऊन महिन्याच्या पगारासाठी बसलेली. म्हणून नोंदणी हा शब्द आधी शिका. सल्ला विकणाऱ्याचा सेबीचा नंबर आयएनए (INA) ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच (INH) ने, तो सेबीच्या साइटवर टाकून नाव जुळतं का बघायचं, आणि नंबर खरा असला तरी गॅरंटीड रिटर्न म्हणाला की फोन ठेवायचा, कारण नोंदणी असलेल्याला तसं सांगायची परवानगीच नाही. फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आजच केलेले सौदे, याबद्दल त्यांनी सेबीचाच अभ्यास सांगितला, सप्टेंबर २०२४ मधे आलेला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी हे केलं, त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा २ लाख. मागच्या बाकावर कॉलेजची तीन-चार मुलं होती, त्यांचं कुजबुजणं इथे थांबलं.

वायदा, म्हणजे हेच फ्युचर, मुळात कशासाठी असतो हेही सांगितलं, आणि ते सांगितलं छावणी मंडीत मुनीम असलेल्या एका काकांनी, सरांनी त्यांच्याच हातात खडू दिला. सोयाबीन पेरलंय, काढायला चार महिने, भाव पडेल ही भीती, तर आजच भाव बांधून ठेवणे म्हणजे हेजिंग. डिसेंबर २०२१ मधे सेबीने सोयाबीनचा वायदा बंद केल्यावर व्यापाऱ्यांची कशी पंचाईत झाली आणि २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर असला तरी मंडीत तो मिळेलच असं का नसतं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की त्यांचा वेगळा तास ठेवा असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं. सोन्याचं पाऊण तासात झालं, हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा नंबर, घडणावळ, सोन्यावर ३ टक्के जीएसटी, विकताना काय कापलं जातं. ठीक होतं, बायकांना आधीच येत होतं.

तक्रारी. नोट्सची झेरॉक्स फार बारीक, साठीच्या पुढच्या लोकांना वाचताच येत नाही, आणि अर्ध्या पानांवर इंग्रजी तक्ते तसेच चिकटवलेत. सरांचं शिकवणं मराठीत आणि हातातला कागद इंग्रजीत, हे चालणार नाही. हॉलमधे आवाज घुमतो, मागे बसलात तर निम्मं हरवतं. उशिरा येणाऱ्यांसाठी पहिली पंधरा मिनिटं परत परत तेच होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभ सकाळ इतके येतात की सरांनी टाकलेला हिशोब शोधत बसावं लागतं.

आणि मुख्य तक्रार शेवटच्या रविवारची. जीडीपी, वित्तीय तूट, चालू खात्याची तूट, रुपयाचा भाव, बजेट, सगळं दोन तासांत. २०२५-२६ च्या बजेटमधे वित्तीय तूट, म्हणजे सरकारच्या कमाईपेक्षा खर्च जेवढा जास्त तेवढी रक्कम, जीडीपीच्या ४.४ टक्के धरली होती असं लिहिलं आणि पुढे गेले. ती तूट भरायला सरकार बाँड विकून कर्ज काढतं, ते जास्त काढलं की व्याजदरावर ताण येतो, आणि तो फिरून आपल्या होम लोनपर्यंत पोचतो, हा धागा बाँडच्या दिवशी फळ्यावर अर्धा काढलेलाच होता की. तो पुरा केला असता तर आईलाही समजला असता. नाममात्र जीडीपी आणि खरा जीडीपी यात महागाईच वजा होते, ती शिकवून झालेली होती, तरी जोड दिली नाही. एवढा चांगला शिकवणारा माणूस इथे नुसते शब्द वाचून दाखवतो याचं वाईट वाटलं. मी सरांना हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं.

कोणी जावं? नोकरी नुकती लागलेल्या मुलामुलींनी, घराचं कर्ज घ्यायच्या विचारात असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात पैशाचे कागद एकच माणूस बघतो त्या घरातल्या दुसऱ्या माणसाने. बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे ताब्यात घेऊन वारसांना द्यायला असतो, हे ऐकल्यावर कितीतरी बायकांनी घरी जाऊन मृत्युपत्राचा विषय काढला, तेवढ्यासाठी तरी नवरा-बायकोने मिळून या. ज्यांना कुठला शेअर घ्यायचा ते हवंय त्यांनी येऊ नका, सर एकाही कंपनीचं नाव घेत नाहीत, विचारलं तरी नाही.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जागा आधी भरतात, ग्रुपवर कोणी ओळखीचं असेल तर आत्ताच नाव सांगून ठेवा. गाडी गल्लीत लावायला जागा नाही, मेन रोडला लावून चालत या. कॅल्क्युलेटर आणि एक जाड पेन आणा, कागदांची झेरॉक्स आणा, मूळ कागद नको. आणि अर्थव्यवस्थेसाठी दोन रविवार वेगळे द्या असं मी सरांना म्हटलंय, दहा जण तयार असतील तर घेतो म्हणाले, त्यासाठी १५० रुपये जास्त. आम्ही सहा जण झालोय, मुनीम काका धरून, चार अजून पाहिजेत.